शैलाताईंची चकमक

नवा माणूस टेबलाशी आला की त्याचं नाव-गाव राहिलं बाजूला, शैलाताई आधी विचारायच्या, "तुमचे पाच जण कोण?" माणूस गोंधळायचा. मग त्या डबा उघडून पुढं सरकवायच्या. आत अंगठ्याच्या पेराएवढ्या सोंगट्या, राक्षस, बुटके, चेटकिणी, बैलाच्या तोंडाचे पैलवान. एकेकाच्या डोळ्यातलं बुबुळसुद्धा रंगवलेलं. "ह्यातले पाच उचला. त्यांना नावं द्या. मग बसा."

मला विचारलं तेव्हा मी हसलेच. "अवो बाई, माजं वय काय, मी आता बाहुल्या खेळू व्हय?"

"बाहुल्या नाहीत, कमलताई. चकमक आहे. मोठी लढाई राजांची असते, चकमक आपल्यासारख्यांची. बसा."

बसले. आणि पहिल्याच डावात माझे पाचही मेले. सगळे एकदम पुढं धाडले होते ना! शैलाताईंनी माझी चेटकीण आडवी केली आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घरीसुद्धा अशाच अंगावर जाता का हो?" त्यांनीच मग चहा केला. त्यांच्याकडे रीतच होती, चहा जिंकणाऱ्यानं करायचा. म्हणायच्या, "हरलेल्याला बसू द्यावं. जिंकलेल्याच्या अंगात जोर असतो."

बाईंचा जन्म पिंपरीच्या एका कंपनीत गेला, ड्रॉइंग ऑफिसात. दुसऱ्यांनी काढलेल्या नकाशांवर पारदर्शक कागद ठेवायचा आणि शाईनं रेघ न् रेघ गिरवायची. "तीस वर्षं मी दुसऱ्याच्या रेघेबाहेर गेले नाही," असं सांगायच्या आणि स्वतःच्या राक्षसाला खुशाल जांभळी दाढी रंगवायच्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर रहाटणीला आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आल्या, सोबत अंथरुणाला खिळलेली आई. आईचं औषध, आईचं पथ्य, आईची कूस बदलणं. रविवारी दुपारी तेवढी एक मावशी आईपाशी बसायला यायची. तेवढे दोन-तीन तास बाई मोकळ्या. घरात फासा वाजला तरी आई दचकायची, म्हणून खालच्या हॉलमध्ये टेबल मांडायच्या. ते टेबल म्हणजे त्यांचा आठवडा होता, हे लक्षात ठेवा. मी उगाच नाही चिडत.

टेबल तरी केवढं? दीड कॅरम बोर्ड होईल एवढं. त्यावर थर्माकोलची टेकडी आणि बाकी सगळा आपल्या एमआयडीसीचा माल. रिजेक्ट झालेला गिअर म्हणजे पडका बुरूज, बुश म्हणजे पोकळ नळकांडं, ते उभं केलं की विहीर, लेथवर निघालेली लोखंडाची गुंडाळलेली चीप म्हणजे काटेरी कुंपण. खेळायला येणारी पोरं कंपन्यांतलीच, त्यांनीच आणून दिलेलं. एक सोंगटी तुम्ही हलवायची, मग एक समोरच्यानं. टेपनं अंतर मोजायचं, फासा टाकायचा. तासाभरात निकाल.

त्या पोरांतला एक नितीन. बीडचा, चाकणला कंपनीत क्वालिटीला, कुरुळीत खोली करून राहायचा. पहिल्यांदा आला तो खोकंच घेऊन. ऑनलाइन मागवलेल्या पन्नास सोंगट्या, सगळ्या एकाच करड्या रंगात काढलेल्या, जशी काही एका बॅचची डिलिव्हरी.

"मॅडम, अजून पन्नास रंगवतो, मग खेळायला सुरुवात करतो."

"म्हणजे कधीच करत नाही," शैलाताई म्हणाल्या. "अहो, कारखाना काढायचाय का तुम्हाला? पाच ठेवा. बाकीचे खोक्यात. ह्या पाचांची ओळख झाली की सहावा आपोआप दार वाजवील."

तो पाच घेऊन बसला, आणि त्याचा बुटका माझ्या चेटकिणीपर्यंत पोचला की नाही यावर आमची जुंपली. त्या पठ्ठ्यानं खिशातून व्हर्नियर काढला! मिलिमीटरचे तुकडे मोजायला लागला, टॉलरन्स काय, म्हणजे किती फरक चालेल, म्हणून विचारायला लागला. मी म्हणाले, "भावा, चेटकीण हाय ती, पिस्टन न्हाई." शैलाताईंनी हात पुढं केला आणि व्हर्नियर काढून घेतला. "हा सोमवारी, कंपनीत. इथं दोघांना पटलं की पोचला. नाही पटलं की फासा. समोरच्यावर विश्वास ठेवायला शिका, नियम नंतर शिकाल." हेच त्यांचं शिकवणं. नवीन माणसाला कधी नियमांनी घाबरवलं नाही. आधी हरू द्यायच्या, मग सांगायच्या.

आता सोसायटीच्या चेअरमनचं सांगते. चेअरमन म्हणजे माझा धाकटा दीर. बिल्डिंग आमच्या शेतावर उभी राहिली म्हणून त्याला वाटतं, हॉलही त्याच्या बापाचा. बाप म्हणजे माझे सासरे. ते असते तर त्यांनी पाच सोंगट्या उचलल्या असत्या, नावं दिली असती. नवरात्रात हॉलमध्ये घट बसले तेव्हा ह्यानं शैलाताईंचं सामान जिन्याखाली काढून ठेवलं. बुरूज एकीकडे, टेकडी मोडलेली.

"वहिनी, देवीच्या खोलीत राक्षस चालत नाहीत. बायकांनी तक्रार केलीय."

"कुठल्या बायकांनी? नाव सांगा. आणि भाऊजी, देवीच्या पायाखाली कोण हाय, ते एकदा फोटोत बघून या!"

बघायला गेला नाही. दसरा झाला, घट उठले, पण हॉलचं कुलूप निघालं नाही. आज पेंटिंग आहे, उद्या मीटिंग आहे, परवा किल्ली सापडत नाही. मी शैलाताईंना म्हणाले, चला, मी येते, सगळी पोरं बोलवा, दारात बसू. तर ही बाई काय म्हणाली असेल? "भांडून मिळालेल्या टेबलावर माझ्याच्यानं फासा टाकवणार नाही, कमलताई."

खरं सांगू, माझा राग त्यांच्यावरही आहे. अजून आहे. आम्हाला दर रविवारी लढायला शिकवलंत ना? मागं सरू नका, कोपरा धरा, एकट्याला गाठू देऊ नका. हे सगळं सोंगट्यांनाच होतं का? माझ्या घरी या म्हटलं तर, तुमच्या दिरांशी तुमचं बिघडेल, म्हणून आल्या नाहीत. नितीन दोन-तीनदा कुरुळीहून येऊन कुलूप बघून गेला. मग ओव्हरटाइम घ्यायला लागला. बाकीचेही पांगले. शैलाताई रविवारीसुद्धा आईपाशीच बसायला लागल्या. मावशीला यायला नको म्हणून सांगितलं. एकदा गेले तर ब्रश धुऊन, कपड्यात गुंडाळून ठेवलेले. "आता कुणासाठी रंगवू?" एवढंच म्हणाल्या, आणि मला चहाचं विचारायला विसरल्या. शैलाताई चहा विसरल्या! तेव्हाच मला कळायला हवं होतं असं लोक म्हणतात. मला कळलं होतं. ज्याला कळायला हवं त्याला कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. आईला त्यांचा भाऊ नाशिकला घेऊन गेला.

आणि शोकसभा कुठं? त्याच हॉलमध्ये. इतके महिने न सापडलेली किल्ली हार आणायच्या आधी सापडली. शैलाताईंचं टेबल भिंतीकडेला, त्यावर पांढरी चादर, चादरीवर त्यांचा फोटो. माझा दीर माइकवर, "शैलाताई म्हणजे आपल्या सोसायटीचं भूषण. ह्याच हॉलमध्ये त्यांनी तरुणांना एकत्र आणलं, सोसायटीनं त्यांना नेहमीच..."

मी उठले. "भाऊजी, कुलूप कुणी लावलं तेबी सांगा की."

"वहिनी, ही वेळ आहे का?"

"व्हय. हीच येळ हाय. जित्या बाईला दार बंद अन् मेलीला माइक? तिला भूषण म्हणता, तिची टेकडी जिन्याखाली उंदरांनी खाल्ली ती बघितली का कुणी?"

मागं चाकणची पोरं उभी होती, नितीन मान खाली घालून. मी दारापाशी गेले. कुलूप कडीला लटकत होतं, किल्ली त्यातच. दोन्ही काढून घेतली आणि पिशवीत टाकली. दीर म्हणाला, "वहिनी, ती कमिटीची मालमत्ता आहे." मी म्हणाले, "मग कमिटीला म्हणावं, ये आणि घे माझ्याकडून."

अजून कुणी आलेलं नाही. रविवारी दुपारी मी हॉल उघडते, चादर काढते. परवा एक नवीन मुलगी आली, नियमांचं पुस्तक कुठं मिळेल म्हणून विचारत होती. मी तिला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बस. आधी माझ्याशी हर."