सभासद क्रमांक ४१७

मंगळवार, सकाळचे सात. काष्टीकडच्या एका गावातलं दूध संकलन केंद्र. हजर: केंद्राचे सचिव शिंदे, मी आणि किटल्या घेऊन रांगेत उभे बत्तीस जण. एका पावतीला अकरा सेकंद लागायचे, ते अर्ध्या सेकंदावर आले होते. मी खुशीत होतो.

दूध संघाचा प्रोग्राम मीच लिहिलेला. पावतीवर सभासदाचं दहा दिवसांचं एकूण दूध छापायचं, तर प्रोग्राम दर वेळी साडेसहा कोटी नोंदी पहिल्यापासून चाळायचा. आदल्या दिवशी मी दोन बदल केले. एक, सभासद क्रमांकावर इंडेक्स टाकला. इंडेक्स म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची. सगळी पानं उलटावी लागत नाहीत. दुसरा, मयत सभासदांच्या नोंदी वेगळ्या फाईलमध्ये हलवल्या. या केंद्राची यादी शिंद्यांनी दिली होती.

सत्तरीचे एक अण्णा पुढे आले. किटली ओतली. शिंद्यांनी सवयीने ४१७ टाकलं. स्क्रीनवर आलं: सभासद नाही.

"हा नंबर कोणाचा?" मी विचारलं.

"आमच्या मंडळींचा," अण्णा म्हणाले. "जाऊन तीन वर्सं झाली."

"मग दूध त्यांच्या नावावर कसं?"

"गाय तिचीच हाय की."

मागून कोणीतरी ओरडलं, "अण्णा, आवरा! कम्प्युटर पळाया लागला अन् तुमी थांबलाय व्हय?"

शिंदे हळूच म्हणाले, "यादी रजिस्टरवरून उतरवली, साहेब. हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

त्यांनी दूध अण्णांच्या नंबरावर घेतलं. अण्णांनी पावती लांब धरून वाचली.

"हे माजं नाव हाय. तिचं नाव मी कदी तोंडानं घेतलं न्हाई, साहेब. ह्या कागदावर वाचायचो. रोज सकाळी."

नगरला संघाच्या ऑफिसात येऊन मी मॅनेजरांना विचारलं, ४१७ परत घालू का?

"मयताच्या नावावर दूध? ऑडिटला काय सांगू?"

त्यांचं बरोबर होतं. पण मी त्या नोंदी हलवल्या नसत्या, तर हा प्रश्न त्यांच्यापुढे आलाच नसता.

मग मी डेटाच्या कॉपीवर मोजलं. इंडेक्स आहे, मयतांच्या नोंदी आत: अर्धा सेकंद. नोंदी बाहेर: अर्धा सेकंद. पाच वेळा मोजलं. फरक शून्य. सगळं काम एकट्या इंडेक्सने केलं होतं.

अण्णा अजून दूध घालतात. पावतीला थांबत नाहीत, असं शिंदे सांगतात.

तेव्हापासून मी एका वेळी एकच बदल करतो. आधी मोजतो, मग दुसऱ्याला हात लावतो.