नकाशातलं रान

लातूरहून एस.टी. निघाली तेव्हा माझ्या पोटात निलंगा राईस होता, पिशवीत नकाशा होता आणि डोक्यात जरा जास्तच शहाणपण होतं. ढगांच्या आरपार पाहणाऱ्या रडार उपग्रहाची आखणी आमच्या ऑफिसात चालू आहे. दर फेरीत त्याला सगळंच टिपता येणार नाही, म्हणून पुरात कोणते पट्टे आधी टिपायचे ती यादी मी करत होते. यादीतून गाव सुटलं की वेळेवर खबर मिळणं कठीण.

अहमदपूर गेलं, लोहा गेलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुणाकडं चाललाव?"

"नदी बघायला."

"ती काय पळून चाललीय व्हय!" असं म्हणत त्यांनी भुईमुगाच्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या.

नांदेडहून रिक्षाने अर्धापूरच्या वाटेवर, आसना नदीकाठच्या गावात पोचले. इथल्या मीराबाईंशी मी आधी फोनवर बोलले होते. त्यांनी भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) वाढली. मी लाज सोडून दोनदा मागून घेतली.

मग त्या म्हणाल्या, "चला, रान दाखवते."

केळीच्या बागेतून आम्ही थेट पाण्यापर्यंत गेलो. मी नकाशा उघडला. "पण जंगल कुठंय?"

"कसलं जंगल?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात ना, नदीपर्यंत सगळं रान आहे?"

मीराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. "अवो म्याडम, रान मंजी शेत! हे माझं रान, ते जावंचं."

आमच्या कोकणात रान म्हणजे जंगल. जुन्या उपग्रहचित्रांतली केळीही मला झाडीच वाटली होती. जंगलात कोण राहतंय म्हणून अख्खा काठ गडद हिरवा रंगवून मी यादीतून काढून टाकला होता. हे सांगितल्यावर त्यांचं हसू मावळलं.

"मंजी पूर आला तरी तुमचं ते यंत्र हिकडं बघणारच न्हाई? मागच्या बारीला मोटर गेली. म्हशी कशाबशा सोडल्या. वर पाणी पसरलंय एवढं आधी कळलं असतं, तरी लई झालं असतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बांधावर बसूनच ऑफिसला फोन लावला आणि पट्टा पुन्हा यादीत घ्यायला लावला. हिरव्यावर काट मारून मी 'शेत' लिहू लागले, तर मीराबाईंनी हात धरला. "रानच लिवा. आमी तेच म्हणतो." मी तसंच लिहिलं.

परतीच्या गाडीत केळ्यांचा अख्खा घड मांडीवर होता आणि मन अगदी हलकं झालं होतं. आईचा रत्नागिरीहून फोन आला.

"कुठे होतीस गो दिवसभर?"

"रानात."

"अगो बाई! एकटीच?"

"एकटी कशी? सगळं गाव होतं तिथे."