धुरपताबाईचा डबा

येलदरी धरणाजवळच्या निसर्ग केंद्रात धुरपताबाई झाडलोट करते. तिचा एक हट्ट अख्ख्या गावाला ठाऊक आहे: कुणाचा डबा घरी आला, तर ती तो कधी रिकामा परत करत नाही.

केंद्राच्या राजेश्री मॅडमनी यंदा नवा खेळ काढला. झुडपांत छोटे डबे लपवायचे आणि लेकरांनी आईबापासोबत मोबाईलवरच्या खुणेनं ते शोधायचे. फांदी मोडायची नाही, माती उकरायची नाही, डबा जागच्या जागी ठेवायचा. लपवायचं काम धुरपताबाईकडं आलं. डब्यात बक्षीस म्हणून नुसती शिट्टी बघून तिचा जीव खालीवर झाला. एवढ्या उन्हाचं यायचं आणि लेकरांच्या हातात शिट्टी? तिनं शेंगदाण्याचे लाडू वळून डबे गच्च भरले.

रविवारी डबे सापडले, पण वानरांना. त्यांना मोबाईलसुद्धा लागला नाही. लाडू फस्त झाले, फांद्या मोडल्या, आणि एक वानर झाकण घेऊन टाकीवर जाऊन बसलं.

मॅडम कडाडल्या, "मावशी, रानात खायला ठेवायचं नसतं! जनावरांची सवय बिघडते."

"आता न्हाई ठेवणार," म्हणत बाईनं कान धरले.

त्या गडबडीत मॅडमचा जेवणाचा डबा केंद्रातच राहिला. धुरपताबाईनं तो घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी घासून-पुसून टेबलावर आणून ठेवला. मॅडमनी उचलला, तर जड लागला. त्यांनी डोळे वटारले.

"ह्यो रानातला न्हाई, तुमचा हाय," धुरपताबाई म्हणाली. "खिडकी तेवढी लावून घ्या. वानरं बघायलेत."