गाळलेल्या ओळी

ऑफिसात तिला सगळे आकडेबाई म्हणत. कोण गाडी काढेल आणि कोण बस धरेल, हे गणिताने सांगायचं, ही तिची नोकरी. भाडं, पेट्रोल, थांब्यावरचं ताटकळणं, सगळं सूत्रात घातलं की माणसांची पसंती टक्क्यांत बाहेर पडायची. बावीस वर्षं हेच केल्यावर आता तिला त्या सूत्राची शिसारी आली होती.

नियम तिनेच घालून दिलेला. ज्याच्या घरी गाडीच नाही, तो निवड काय कपाळ करणार? म्हणून हिशोब मांडताना पाहणीच्या तक्त्यातल्या अशांच्या ओळी गाळायच्या. गणितापुरतं ते बरोबरच होतं. पण साहेबांनी तेच गाळीव आकडे उचलले आणि एकूण प्रवासी म्हणून छापले. इस्पितळाकडे जाणाऱ्या सकाळच्या बसला म्हणे अकराच माणसं! त्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नसते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिची थोरली बहीण इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती आणि रोज त्याच बसने उभ्याने जायची.

तिने साहेबांना चूक दाखवली. साहेब पेन्सिलीने कान कोरत होते. त्यांनी ते काही थांबवलं नाही.

"अहो, गाडीवाल्याला चुचकारावं लागतं. ज्यांना पर्याय नाही, ते बस बंद केली तरी कसेही पोचतातच."

तरी तिने बस बंद करायच्या शिफारशीवर सही केली. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती, आणि स्वतःची किळस येऊनही हात काही अडला नाही.

ताई पायी जाऊ लागली. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. वर्षाने पुन्हा पाहणी झाली तेव्हा साहेब खुशीत होते. चालणारे दुप्पट झाले होते, लोकांना आरोग्याचं महत्त्व पटलं होतं, हे अहवालात पहिल्या पानावर घाला म्हणाले. तिने पाहणीचे फॉर्म चाळले. वय अठ्ठावन्न, धुलाईघर, पायी. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, आवड.

ती तडक ताईकडे गेली. ताई घमेल्यात पाय सोडून बसली होती. धाकटीने सहीचं सगळं एका दमात सांगून टाकलं आणि विचारलं, असं खोटं का लिहून दिलंस?

ताईने टाचेवरचा फोड चाचपला.

"ती पाहणीवाली मुलगी तुझ्या ऑफिसातून आली होती ना. म्हटलं, तुझ्या कामात माझी तक्रार कशाला."