हलका टॉवेल

शुद्धलेखन चुकेल, अक्षर तर कोंबडीचे पाय. चौथीपुढं शाळा झाली नाही, माफ करा. पण आमच्या समोरच्या खोलीतल्या अण्णांसारखा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल, हे लिहून ठेवायलाच हवं.

घरात तेलुगू, दारात मराठी बोलणारे अण्णा टॉवेलच्या कारखान्यात नक्षी काढायचे, पण त्यांचं लक्ष नक्षीपेक्षा माणसांवर. लग्नात लोक हात कसे पुसतात हे बघत बसले आणि उपाशीच परत आले. कुणाच्या घरी गेले की आधी दोरीवरचे कपडे चाचपायचे. घरचे बिचारे चहा धरून उभे. "वस्तू वापरणाऱ्याकडं बघूनच देश मोठे झाले, अक्का," असं म्हणून ते भिंतीकडं बघत राहायचे. मागांचा खटखटाट ऐकता ऐकता मलाही त्या भिंतीत लांबची गावं दिसू लागायची.

एकदा मी न्हाऊन, केसांना टॉवेल गुंडाळून, कारखान्याच्या टॉवेलांच्या कडा शिवत होते. अण्णांनी दारातूनच विचारलं, "अक्का, मान दुखती का?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी हळूच हो म्हटलं.

"मग निम्म्या वजनाचा, अरुंद टॉवेल का न्हाय काढत आपण?"

मालकानं नमुन्याला सूत दिलं नाही. स्वतःचं शिलाई मशीन घ्यायला साठवलेले नऊ हजार मी अण्णांना दिले. टॉवेल ढगासारखा झाला. पण आमच्याकडं टॉवेल किलोवर विकतात. व्यापाऱ्यानं तो काट्यावर टाकला. "अण्णा, हवा विकायलाव का?"

"काट्याला केस न्हाईत, शेट."

शेट हसले, घेतला मात्र नाही.

मग अण्णा मुलींच्या वसतिगृहासमोर गठ्ठा घेऊन बसले. वॉचमननं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा त्यांनी मलाच डोक्याला टॉवेल गुंडाळून उभं केलं. मी लाजून मान पार खाली घातली, तरी टॉवेल सुटला नाही. तेच बघून पोरींनी गठ्ठा संपवला. पुढं मालकानं दोन माग त्याच टॉवेलाला लावले, आणि ते टॉवेल नगावर विकले जाऊ लागले.

दर रविवारी अण्णा पाचशे रुपये आणायचे, उंबऱ्यावर बसून तासभर काहीतरी विचारायचे. झारा कुठं धरता, कुलूप कुठल्या हातानं उघडता. परवा शेवटची नोट ठेवून म्हणाले, "बघा अक्का, फिटले की न्हाय."

पुढच्या रविवारीही या, असं म्हणायचं होतं. जमलं नाही. मी म्हटलं, "फिटले अण्णा, सगळे."