अर्थ लागत नाही

दसऱ्याच्या पूजेला चकचकीत दिसावी म्हणून मी जुन्या मोटारसायकलची चॅसी रंगवून घेतली. तेव्हापासून बॅटरी चार्ज होईना. शुक्रवार पेठेतल्या आमच्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मीटर लावून बघितलं. म्हणाला, "सर, बॅटरी चांगली हाय. हितं अर्थ लागत न्हाय की."

मी मराठीचा मास्तर. कवितेचा अर्थ लागला नाही म्हणून जन्मभर पोरांवर खेकसलेला. मला वाटलं, याला बिघाडच कळेना झालाय. गिऱ्हाइकांसमोर फाडकन बोललो, "कळत नसेल तर दुकान बंद करा!" आणि गाडी ढकलत निघालो.

पुढे दोन नव्या बॅटऱ्या बसवल्या. दोन्ही उतरल्या. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने चॅसीवरचा स्क्रू काढला, खालचा रंग खरवडला, वायर परत आवळली. चार्जिंग सुरू झालं.

"अर्थची वायर रंगावर बसवलेली सर. करंट जाणार कुठनं?"

अर्थ म्हणजे अर्थिंग. एवढा साधा शब्द मला कळला नव्हता.

तसाच शुक्रवार पेठेत गेलो. शटर खाली होतं. शेजारचा टेलर म्हणाला, "बंद केलं त्यांनी. कोण मास्तर लई बोलून गेला म्हनं."