प्रणाली मॅडमचं मनोगत

दर्यापूरच्या बसस्टँडसमोर माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. तालुक्यात जो कोणी मास्तर व्हायला निघतो, त्याचा प्रोजेक्ट माझ्या हातून जातो. प्रोजेक्टच्या शेवटी 'मनोगत' लागतं. ते माझ्याकडे तयारच असतं. नाव बदलायचं, गाइडचं नाव बदलायचं, आईवडिलांचे आभार ठोकायचे, झालं. आजवर एकाही बहाद्दरानं ते वाचून पाहिलेलं नाही. प्रणाली मॅडम एकटीच म्हणाली, "नितेशभाऊ, ते शिळं मले नाही पाहिजे. माझं मी सांगते." म्हणून तिच्याबद्दल सांगतोय. कौतुक करायला नाही.

आमच्याकडे इंग्रजी पाटी लावलेल्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंट म्हणतात. तसल्याच एका कॉन्व्हेंटात ती केजीच्या लेकरांना शिकवायची. वय चौतीस. दर रविवारी जीपमध्ये कोंबून घेऊन अमरावतीला जायची. बालशिक्षणाची पदवी घ्यायची होती तिला. सासरा पुंजाराम ओसरीवरून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "आमच्या घरी शेंबूड पुसाले डिग्री लागते बाप्पा!" लोक हसायचे. ती घरात पोळ्या लाटत ऐकायची.

पदवीसाठी एकाच लेकराचं सलग आठ महिने निरीक्षण लिहायचं होतं. पहिल्या वर्षी तिनं निवडलेलं पोट्टं सहाव्या महिन्यात आईबापासोबत सुरतला निघून गेलं. गाइडनं सगळ्या फाइलवर काट मारली आणि पुढच्या वर्षी या म्हणून सांगितलं. त्या दिवशी माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसून ती ढसाढसा रडली. मी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मनात म्हटलं, चला, फाइल पुन्हा टाइप होणार. मी असाच आहे.

दुसऱ्या वर्षी तिनं मुलगी निवडली. फाइलीत लेकराचं खरं नाव छापायचं नसतं, म्हणून 'बालिका क्रमांक चार'. जुलैचं पान मला अजून पाठ आहे. 'बालिकेला पाठिमागून तीन वेळा हाक मारली. वळली नाही. ताट खाली पाडले. सगळी मुले दचकली, बालिका नाही. समोर बसून बोलले की ती ओठांकडे पाहते.'

"मॅडम, ही पोट्टी बहिरी हाय का?"

"तसंच वाटते."

"मायले सांगतलं?"

तिनं पर्सची चेन लावली, उघडली, पुन्हा लावली. "निरीक्षण करणाऱ्यानं मधात पडायचं नसते, भाऊ. नियम हाय." मग आवाज खाली आला. "सांगतलं तर उद्याच अमरावतीले डॉक्टरकडे नेतीन, शाळेतून काढतीन. मंग माझं काय? तिसऱ्यांदा करू? घरचे करू देतीन? मार्चपर्यंत थांबते. आठ महिन्यानं काय होते?"

चार वर्षांच्या लेकराचे आठ महिने! ही बाई लेकरांचंच शिकत होती, तिला माहीत नसणार? पण मी तरी कुठला संत! कोणाची पोरगी, एवढंही विचारलं नाही. 'पाठिमागून'ची वेलांटी सुधारून 'पाठीमागून' केलं आणि पुढचं पान घेतलं.

आणि ती तिला जीव लावत नव्हती असंही नाही. रोज मांडीवर घ्यायची, डबा खाऊ घालायची, सगळं फाइलीत आहे. फेब्रुवारीत लिहिलंय, 'आज बालिकेचा पाचवा वाढदिवस. तिने मला चॉकलेट दिले. टाळ्या वाजल्या तेव्हा इतर मुलांकडे पाहून तिनेही वाजवल्या.' हे टाइप करून झालं. मी चहा मागवला.

मार्चमध्ये मनोगत. ती डोळे मिटून सांगायला लागली, "या पदवीनं मले लेकराकडे पाहाले शिकवलं. आधी मी वर्ग पाहायची, आता एकेक लेकरू पाहते. जे बोलत नाही, त्याच्याही मनातलं मले समजते." नाटक नव्हतं ते, खरंच वाटत होतं तिला, आणि त्याचाच मला संताप आला.

"आता तरी सांगतलं का त्या मायले?"

"फाइल जमा होऊ द्या."

एप्रिलमध्ये म्हणाली, तोंडी परीक्षा होऊ द्या. तोंडीला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी जुलैचीच पानं नावाजली म्हणे. मेमध्ये शाळेला सुट्ट्या, आता कुठं शोधू त्या बाईले? जूनमध्ये निकाल लागला, प्रथम श्रेणी. पुंजारामनं चौकात सूनबाईचं बॅनर लावलं, या कानापासून त्या कानापर्यंत हसरा फोटो. छापून मीच दिलं. ती पेढे घेऊन आली. त्या दिवशी मी काही विचारलं नाही. दोन पेढे खाल्ले.

जुलैत एक बाई दुकानात आली. पौर्णिमा नाव, जवळच्याच खेड्यातली, घरची शेती. सोबत मुलगी. बाईला अर्ज टाइप करून हवा होता. मुलगी सरळ चालू प्रिंटरजवळ गेली आणि त्यावर तळहात टेकवून हसायला लागली.

"नाव काय हिचं?"

"स्वराली."

पौर्णिमा सांगत गेली. मेमध्ये नात्यातलं लग्न होतं. डीजे असा वाजत होता की म्हाताऱ्यांनी कानात बोळे घातले, आणि ही पोरगी डीजेच्या पेटीला टेकून गाढ झोपलेली. तेव्हा कुठे तिच्या काळजात धस्स झालं. अमरावतीच्या डॉक्टरांनी तपासलं. कानाच्या ऑपरेशनची फुकट योजना होती, पण पाच वर्षांच्या आतल्या लेकरांसाठी. स्वराली पाच वर्षं पाच महिन्यांची. वयाची अट सोडावी, म्हणून हा अर्ज.

"उशीर काहून झाला, काय लिहू?"

"काय लिहिता भाऊ! आमाले समजलंच नाही. सासू म्हणे, बापावर गेली, उशिरा बोलन. शाळेतही कोणाच्या ध्यानात नाही आलं. मॅडम तं लय जीव लावे तिले."

"कोणत्या मॅडम?"

"प्रणाली मॅडम."

फाइल त्याच कॉम्प्युटरमध्ये होती, जुलैचं पान तारखेसकट. एक बटण दाबलं असतं तर पान बाहेर आलं असतं. पण ते अर्जाला जोडलं तर साहेब म्हणणार, वर्षभर शाळेला माहीत होतं, मग उशीर तुमचाच. अर्ज केराच्या टोपलीत. पोरीसाठीच गप्प बसलो, असं मी स्वतःला सांगतो. खोटं आहे. मी घाबरलो. ही माय मलाच विचारेल, तुमी वाचलं होतं ना, भाऊ?

मी टाइप केलं, 'सदर बाब कोणाच्याही लक्षात आली नाही.' सोबत शाळेचा दाखला लागत होता, तोही टाइप केला, 'सदर विद्यार्थिनीस ऐकू येत नसल्याचे वर्गात कधीही आढळून आले नाही.' आणि खाली सहीसाठी जागा सोडून पौर्णिमाला कॉन्व्हेंटात पाठवलं. कोणाकडे पाठवतोय, ते मला पक्कं ठाऊक होतं.

अर्ध्या तासात ती परत आली. "मॅडमनं दोनदा वाचलं, अन् सही केली. हिले पोटाशी धरून रडल्या बिचाऱ्या. देवमाणूस हाय."

मी दाखला हातात घेतला. स्वच्छ सही, खाली नाव आणि नावापुढे नवी पदवी, ठसठशीत अक्षरात.

पौर्णिमानं त्यावर बोट ठेवलं. "हे काय लिहिलं, भाऊ?"

"लहान लेकरांचं शिक्षण घेतलं त्यांनी. त्याची डिग्री."

"हो?" तिचा चेहरा उजळला. "मंग तं साहेब मानतीनच. एवढ्या शिकलेल्या बाईले नाही समजलं, तं आमाले कसं समजन?"